बॅकअप आहे, पण भरवसा आहे का? छोट्या व्यवसायाच्या डिझास्टर रिकव्हरी प्लॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः अशा लोकांसाठी घेतलेत ज्यांच्याकडे काहीतरी प्लॅन आहे, कुठेतरी बॅकअप जातोय, पण उद्या सकाळी सगळं बंद पडलं तर हे खरंच चालेल का असं कोणी विचारलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो. अजून काहीच केलेलं नसेल तरी वाचा, इथूनच सुरुवात करता येते.

डिझास्टर रिकव्हरी प्लॅन म्हणजे नक्की काय? हे मोठ्या कंपन्यांचं काम नाही का?

कॉम्प्युटर, डेटा, इंटरनेट, फोन यातलं जे धंदा चालवायला लागतं ते गेलं तर कोण, काय, कुठल्या क्रमाने आणि किती वेळात परत उभं करणार हे आधी ठरवून लिहून ठेवायचं, एवढंच. डिझास्टर म्हटलं की डोळ्यासमोर पूर आणि भूकंप येतात, पण छोट्या धंद्याला जे खरंच नडतं ते फार साधं असतं. हार्ड डिस्क जाते, लॅपटॉप चोरीला जातो, कोणीतरी चुकून फोल्डर डिलीट करतं, वरच्या मजल्यावरची पाण्याची लाइन फुटते, एखादं अपडेट बिघडतं, रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) येतं, नाहीतर ज्याला सगळे पासवर्ड माहीत आहेत तो माणूस नेमका हॉस्पिटलमध्ये असतो. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळी टीम असते, आपल्याकडे बिलं करणारी आणि फोन घेणारी तीच तीन-चार माणसं सगळं निस्तरणार असतात, त्यामुळे आपल्यालाच हे आधी ठरवून ठेवायची गरज जास्त.

आमचा बॅकअप रोज रात्री आपोआप होतो, "सक्सेसफुल" असा मेसेज पण येतो. अजून काय पाहिजे?

तो मेसेज एवढंच सांगतो की प्रोग्रॅम चालला आणि कुठेतरी फाइल लिहिली गेली. त्या फाइलमधून तुमचं काम परत उभं राहील का, हे तो सांगत नाही, त्याला ते माहीतही नसतं. गाडीच्या डिकीत स्टेपनी आहे हे माहीत असणं वेगळं आणि तिच्यात हवा आहे का ते दाबून बघणं वेगळं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे गिटलॅब, लोकांचे सॉफ्टवेअरचे कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दमलेला असताना, चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. लक्षात येईपर्यंत साधारण ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप बघायला गेले तर एक ना दोन, पाच वेगवेगळ्या पद्धती ठेवलेल्या होत्या आणि त्यातली एकही धड चालत नव्हती. डेटाबेसचा रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरचं व्हर्जन जुळत नसल्यामुळे फेल होत होता, तो फेल झाल्याचे ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता म्हणून ते कोणाला दिसलेच नाहीत, आणि क्लाउडवरची बॅकअपची जागा उघडली तर ती रिकामी. शेवटी त्यांना वाचवलं ते एका कॉपीने, जी त्याच इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगच्या कामासाठी सहज घेतली होती. म्हणजे पाच पद्धतींपैकी कशानेच नाही, योगायोगाने. तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच. आणि ही सॉफ्टवेअरवाल्यांची कंपनी, सगळे जाणकार.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे न आलेले ईमेल. आपण सगळेच "काही तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक" असं धरून चालतो. म्हणून बॅकअपच्या बाबतीत एक सवय उलटी करा, फेल झाल्याच्या मेसेजची वाट बघू नका, यशस्वी झाल्याचा मेसेज आज आला का ते बघा आणि नाही आला तर तोच अलार्म समजा.

मग भरवसा येतो तरी कशाने?

परत आणून बघितल्याने. दुसऱ्या कशानेही नाही. महागडं सॉफ्टवेअर, जाडजूड फाइल, व्हेंडरचं आश्वासन, यातलं काहीही घेतलं तरी जोपर्यंत तुमच्याच माणसाने तुमचाच डेटा दुसऱ्या मशीनवर परत आणून त्यावर काम करून दाखवलेलं नाही तोपर्यंत ती फक्त आशा आहे. भरवसा असेल तर तो तारखेसकट एका वाक्यात सांगता येतो, उदाहरणार्थ "गेल्या महिन्याच्या १२ तारखेला अकाउंट्सचा डेटा वेगळ्या लॅपटॉपवर दीड तासात परत आला, आणि आणणारी व्यक्ती नेहमीची नव्हती". असं एखादं वाक्य तुम्हाला आज बोलता येतं का बघा. नसेल येत तर कुठे काम करायचंय ते कळलं.

सुरुवात अगदी आज करायची असेल तर?

एक फाइल परत आणा. कालचं एखादं कोटेशन, एखादं बिल, काहीही. मूळ फाइलला हात लावू नका, बॅकअपमधून ती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, उघडा, आतला मजकूर बरोबर आहे का बघा आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा. ऐकायला फारच किरकोळ वाटतं, पण अनेक ठिकाणी इथेच अडतं, बॅकअप नेमका कुठे आहे हेच माहीत नसतं, लॉगिन कोणाच्या नावावर आहे ते आठवत नाही, रिस्टोअरचं बटण आजवर कोणी दाबलेलंच नसतं. आज अडलं तर काही बिघडत नाही, निवांत सोडवता येतं.

किती वेळात परत उभं राहिलं पाहिजे हे कसं ठरवायचं? आरटीओ, आरपीओ असं काहीतरी म्हणतात ते काय?

दोन साधे प्रश्न आहेत. पहिला, काम किती वेळ बंद राहिलेलं चालेल, हा झाला आरटीओ. दुसरा, किती वेळाचं केलेलं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल, हा आरपीओ. बॅकअप रोज रात्री होत असेल आणि डिस्क संध्याकाळी पाचला गेली तर दिवसभराच्या सगळ्या एंट्री गेल्या, मग त्या पुन्हा कशावरून टाकणार, कागद आहेत का, ईमेल आहेत का? असतील तर रोजचा बॅकअप पुरतो. नसतील, म्हणजे ऑर्डर थेट फोनवर घेऊन सिस्टिममध्येच टाकत असाल, तर दर तासाला किंवा त्याहून लवकर कॉपी निघायला हवी.

हे आकडे आयटीवाल्याने ठरवायचे नसतात, मालकाने आणि काम करणाऱ्यांनी ठरवायचे. आणि प्रत्येक गोष्टीला वेगळे ठरवायचे, कारण बिलिंग चार तास बंद राहिलं तर हाल होतील पण पाच वर्षांपूर्वीचे फोटो आठवड्याने आले तरी कोणाचं काही अडत नाही.

आकडा ठरवला की तो शक्य आहे का तेही तपासा, कारण इथे साधं गणित फसवतं. समजा क्लाउडवर १ टीबी डेटा आहे आणि इंटरनेट १०० एमबीपीएसचं आहे. पूर्ण स्पीड अखंड मिळाला, जो कधीच मिळत नाही, तरी तो डेटा खाली उतरवायला साधारण २२ तास लागतात. म्हणजे "चार तासात परत चालू" असं प्लॅनमध्ये लिहिलं असेल तर ते कागदावरच राहणार. मग एकतर रोज लागणारा डेटा वेगळा काढून त्याची कॉपी ऑफिसजवळ ठेवायची, नाहीतर आकडा खरा लिहायचा. गिटलॅबला सुद्धा कॉपी हातात असूनही परत उभं राहायला साधारण १८ तास गेले, कारण ज्या डिस्कवरून डेटा आणायचा होता ती हळू होती.

आधी काय परत आणायचं?

सगळ्यांना पटकन वाटतं की अकाउंट्सचं सॉफ्टवेअर. पण जरा मागे जाऊन बघा, ते सॉफ्टवेअर चालू व्हायला लायसन्स लागतं, लायसन्सचा कोड ईमेलवर येतो, ईमेल उघडायला ओटीपी लागतो, ओटीपी येतो मालकाच्या फोनवर आणि फोन त्याच बॅगेत होता जी लॅपटॉपसोबत चोरीला गेली. अशी साखळी प्रत्येक धंद्यात असते. म्हणून क्रम लावताना प्रत्येक गोष्टीपुढे "हे चालायला आधी काय चालू पाहिजे" असं लिहा आणि उलट्या दिशेने वर चढत जा. बहुतेक वेळा यादीत सगळ्यात वर येतं ते फोन नंबर, ईमेल, पासवर्ड आणि इंटरनेट, त्यानंतर बाकीचं. वेबसाइट असेल तर डोमेन कोणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर रजिस्टर आहे तेही याच यादीत घ्या.

३-२-१ चा नियम काय आहे?

डेटाच्या एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. हा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे लोकांपर्यंत पोचला आणि अजूनही छोट्या धंद्याला तो चपखल बसतो. आता त्यात आणखी दोन आकडे जोडतात, ३-२-१-१-०, म्हणजे एक प्रत अशी की जी नेटवर्कला जोडलेलीच नाही किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच बदलता-पुसता येत नाही, आणि तपासणीत शून्य एरर. माझ्या मते त्यातला शेवटचा शून्य सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

आमचं सगळं क्लाउडवर आहे, मग काळजी कशाला?

काळजी कमी झाली हे खरं, संपली नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि काही ग्राहकांना तेव्हा कळलं की आपला सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होतं. क्लाउड म्हणजे शेवटी कुठेतरी असलेलं कोणाचं तरी मशीनच.

आग तरी क्वचित लागते, अकाउंट हातातून जाणं त्यापेक्षा जास्त घडतं. कोड स्पेसेस नावाची छोटी कंपनी होती, लोकांचे सॉफ्टवेअरचे कोड सांभाळायची. जून २०१४ मध्ये कोणीतरी त्यांच्या ॲमेझॉन क्लाउडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलं, पैसे मागितले, आणि कंपनीने ताबा परत घ्यायचा प्रयत्न केल्यावर एकेक गोष्ट पुसायला सुरुवात केली. बॅकअप होते, पण तेही त्याच अकाउंटमधून पुसता येण्यासारखे होते. तेवढ्या एका हल्ल्यात कंपनी बंद झाली.

याच्या उलट उदाहरण मे २०२४ चं. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड गूगल क्लाउडवर होता आणि गूगलच्या बाजूने झालेल्या सेटिंगच्या चुकीमुळे त्यांचं तिथलं प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी उभी केलेली सगळी व्यवस्था, डिलीट झालं, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली कॉपी सुद्धा त्याच्याबरोबर गेली. पण त्यांनी बॅकअप दुसऱ्या प्रोव्हायडरकडेही ठेवले होते, त्याचा मोठा आधार झाला, आठवडाभराहून जास्त हाल झाले पण सगळं परत आलं.

तर क्लाउडवाल्यांनी एवढं तपासा, एखाद्याला तुमचा मुख्य ॲडमिन पासवर्ड मिळाला तर तो बॅकअप पण पुसू शकतो का? उत्तर हो असेल तर ती दुसरी प्रत धरायचीच नाही.

ड्राइव्हवर सगळं सिंक होतं, ते बॅकअप धरायचं ना?

नाही. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवायचं. इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं, इकडे रॅन्समवेअरने फाइल बिघडवली की बिघडलेलीच तिकडे जाते. जुनी व्हर्जन्स आणि ट्रॅश असतं, पण त्याला मुदत असते, गूगल ड्राइव्हमध्ये ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते, आणि चुकून डिलीट झालेलं फोल्डर वर्षाअखेरीस हिशेब काढतानाच लक्षात येतं.

रेड (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी सोय) लावलंय, दोन डिस्क आहेत.

एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, चांगलंच आहे. चोरी, आग, व्हायरस, चुकून डिलीट, यातल्या कशातही त्याचा उपयोग नाही.

रॅन्समवेअरसाठी वेगळं काय करायचं?

रॅन्समवेअर आधी बॅकअप शोधतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क असेल तर ती पण लॉक होणार. म्हणून एक प्रत अशी पाहिजे जी काम झालं की काढून ठेवली जाते, किंवा क्लाउडवर लॉक लावलेली असते. दोन डिस्क आलटून-पालटून वापरल्या तर एक कायम बाहेर राहते, खर्चही फार नाही.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क काही तासात बसलं. त्यांच्या लॉगिनची सगळी व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर जगभर पसरलेले आणि एकमेकांची कॉपी ठेवणारे होते, पण सगळे जोडलेले होते म्हणून सगळेच एकदम गेले. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. त्या एका सर्व्हरवरच्या डेटावरून कंपनी परत उभी राहिली. आपण लाइट जायची वाट न बघता एक प्रत मुद्दाम बाहेर काढून ठेवू शकतो.

अजून एक गोष्ट बऱ्याच प्लॅनमध्ये राहून जाते. हल्लेखोर बरेच दिवस आत असू शकतो, त्यामुळे कालचा बॅकअप स्वच्छ असेलच असं नाही. फक्त शेवटचे सात दिवस ठेवत असाल तर ते कमी पडू शकतं, रोजच्या काही, आठवड्याच्या काही आणि महिन्याच्या काही अशा जुन्या प्रती ठेवा. आणि परत आणताना त्याच बाधित मशीनवर आणू नका, आधी ते पुसून नवीन करा, पासवर्ड बदला, मगच.

सराव कसा करायचा? काम बंद ठेवून चालणार नाही.

बंद ठेवायची गरजच नाही. एक जुना पण चालणारा लॅपटॉप बाजूला ठेवा आणि त्यावर परत आणून बघा. एकच कडक नियम, चालू डेटाच्या डोक्यावर कधीही रिस्टोअर करायचं नाही, कायम वेगळ्या जागी. सरावातच आजचा डेटा उडाला तर लोक पुन्हा कधी सराव करू देणार नाहीत.

एका छोट्या ऑफिसात असा सराव जवळून बघायला मिळाला. बॅकअपची फाइल दहा मिनिटात दुसऱ्या लॅपटॉपवर आली, सगळे खूश. सॉफ्टवेअर टाकलं तर ते लायसन्स मागायला लागलं, जुन्या मशीनवरून आधी ते सोडवा म्हणालं, आणि समजा जुनं मशीन जळालंय असंच धरून चाललो होतो म्हणून ते करता येणार नव्हतं. कंपनीला फोन केला तर त्यांनी रजिस्टर ईमेलवर लिंक पाठवली, तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा. ते सुटेपर्यंत दुपार झाली. मग डेटा उघडला, आकडे बरोबर, ताळेबंद जुळला, पण बिल प्रिंट केलं तर कोरं, ना लोगो ना सही ना खालच्या अटी. बिलाचा फॉरमॅट जुन्या मशीनच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये होता आणि ते फोल्डर बॅकअपमध्ये कधी घेतलंच नव्हतं. डेटा शंभर टक्के सुरक्षित होता आणि तरी त्या दिवशी एकही बिल गेलं नसतं. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसलं नसतं, बिल छापून बघितलं म्हणून कळलं.

म्हणून फाइल उघडली की टेस्ट संपली असं समजू नका, एक खरं काम शेवटपर्यंत करून बघा. बिल बनवा आणि छापा. शेवटची एंट्री कुठल्या तारखेची आहे ते बघा, ती अपेक्षेपेक्षा जुनी निघाली तर बॅकअप कधीतरी मध्येच थांबलाय. एखाद्या खात्याची बेरीज चालू सिस्टिमशी ताडून बघा, जोडलेले फोटो आणि पीडीएफ उघडा, मोठ्यात मोठी फाइल उघडा. आणि शक्य असेल तर हे सगळं नेहमीच्या माणसाकडून करून घेऊ नका, जो कधी करत नाही त्याच्या हातात लिहिलेल्या सूचना द्या, तुम्ही शेजारी गप्प बसा आणि तो जिथे जिथे अडतो तिथे खूण करा. त्या खुणा म्हणजेच तुमच्या प्लॅनमधल्या चुका.

मशीन वगैरे काही न घेता, नुसतं बोलून सराव होतो का?

होतो आणि तो पण करावा, चहाच्या वेळेत होण्यासारखा आहे. सगळे बसा, एकाने प्रसंग सांगायचा, "सोमवार सकाळचे साडेनऊ, कुठलीच फाइल उघडत नाही, स्क्रीनवर पैशांची मागणी आहे, मालक विमानात आहेत". मग आता कोण काय करतं ते फक्त बोलायचं. नेटवर्कची केबल कोण काढणार, आयटीवाल्याचा नंबर कोणाकडे आहे, तो नंबर लॉक झालेल्या कॉम्प्युटरमध्येच आहे का, आलेल्या ग्राहकाला काय सांगायचं, सर्व्हर बंद करायचा निर्णय घ्यायचा अधिकार कोणाला. दहा मिनिटात दोन माणसं वेगवेगळी उत्तरं देतील, तिथेच थांबून ठरवून टाका. यात कोणाला घाबरवायचं किंवा पकडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं बोलणार नाही.

किती वेळा करायचं हे सगळं?

एखादी फाइल परत आणणं, दर महिन्याला. एक अख्खी सिस्टिम वेगळ्या मशीनवर, दर तीन महिन्यांनी, आणि दर वेळी वेगळी सिस्टिम घ्या. सगळं गेलं असं धरून पूर्ण सराव, वर्षातून एकदा. याशिवाय नवीन सॉफ्टवेअर घेतलं, सर्व्हर बदलला, महत्त्वाचा माणूस सोडून गेला की लगेच एकदा. हे माझं प्रमाण आहे, तुमचं काम बघून कमी-जास्त करा पण तारीख कॅलेंडरमध्ये टाका, "वेळ मिळेल तसं" म्हटलं की तो मिळत नाही.

सरावात फेल झालो तर? स्टाफचा भरवसाच उडेल.

उलट होतं, जर तुम्ही ते नीट घेतलं तर. पहिला सराव जवळजवळ कायम कुठेतरी अडतोच. सरावात अडणं ही सगळ्यात स्वस्त बातमी आहे, तीच खऱ्या दिवशी कळली असती तर काय झालं असतं हे सगळ्यांना तिथल्या तिथे दिसतं. एक साधी वही किंवा शीट ठेवा, तारीख, काय परत आणलं, कोणी आणलं, किती वेळ लागला, कुठे अडलं, ते कोण कधीपर्यंत दुरुस्त करणार. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. पुढच्या सरावात आधी तीच जागा तपासा. दोन-तीन वेळा झालं की वही बघूनच लोकांना धीर येतो, कारण गेल्या वेळी अर्धा दिवस लागलेलं काम आता तासाभरात झालेलं त्यांनी स्वतः बघितलेलं असतं. आणि दर वेळी पहिल्याच फटक्यात सगळं पास होत असेल तर सराव जरा अवघड करा, आज मुख्य माणूस नाही असं धरा, नाहीतर आज इंटरनेट नाही असं धरा.

पासवर्ड आणि ओटीपीचं काय?

यावर थोडं थांबा, कारण चांगले चांगले प्लॅन इथे अडकतात. बॅकअप एनक्रिप्ट केलेला, म्हणजे कोडचं कुलूप लावलेला असतो, केलाच पाहिजे, पण त्याची की (कुलूप उघडायचा कोड) त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह असते जो गेलाय. की हरवली तर तो बॅकअप तुम्हालाही कधीच उघडणार नाही, व्हेंडरही काही करू शकत नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. दुरुस्ती तशी सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) होतं त्यांना अनेकदा आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागत होती, आणि काही ठिकाणी त्या कीजची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच बंद होता. तुमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपचं बिटलॉकर चालू आहे का आणि की कुठे आहे, आजच बघून घ्या, पुष्कळ नवीन लॅपटॉपमध्ये ते तुम्हाला न विचारताच चालू झालेलं असतं.

करायचं एवढंच, पासवर्ड मॅनेजर वापरा, त्याचा मुख्य पासवर्ड, बॅकअपची की आणि ईमेलचे रिकव्हरी कोड कागदावर छापून सीलबंद पाकिटात ऑफिसच्या बाहेर सुरक्षित ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे दोन माणसांना माहीत असू द्या. ओटीपी एकाच फोनवर येत असेल तर दुसरं साधन जोडून ठेवा.

आमचा आयटीवाला सगळं बघतो, आम्ही कशाला डोकं घालायचं?

त्याच्यावर विश्वास ठेवा, पण दाखवायला सांगा. "बॅकअप चालू आहे ना?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येणार. त्याऐवजी म्हणा, "गेल्या मंगळवारची ही फाइल माझ्यासमोर काढून दाखवता का?" चांगला माणूस याचा राग धरत नाही, त्याला बरंच वाटतं की कोणीतरी विचारतंय. शिवाय हे लेखी घ्या, कुठल्या गोष्टींचा बॅकअप घेतला जात नाही (हा प्रश्न सगळ्यात उपयोगी), प्रती किती दिवस राहतात, रविवारी रात्री फोन केला तर कोण उचलेल, एकाच दिवशी त्याच्या सगळ्या ग्राहकांचं बंद पडलं तर आपला नंबर कितवा, आणि उद्या त्याच्याशी काम थांबवलं तर आपला डेटा आणि पासवर्ड आपल्याला कसे मिळणार. मुख्य अकाउंट धंद्याच्या नावावर असावीत, त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नाही.

प्लॅन किती मोठा असावा आणि ठेवायचा कुठे?

दोन-तीन पानं पुरतात. पहिल्या पानावर फक्त पहिल्या तासात काय करायचं आणि कोणाला फोन करायचा, नंबर अंकात लिहिलेले, "आयटी सपोर्टला कळवा" असं मोघम नको. दुसऱ्या पानावर परत आणायचा क्रम आणि प्रत्येक बॅकअपची जागा. सूचना अशा लिहा की धावपळीत, झोप झालेली नसताना पण वाचून करता येतील. छापील प्रत ऑफिसात एक, बाहेर एक, आणि दोन माणसांच्या फोनमध्ये फोटो. फक्त सर्व्हरवर ठेवलेला प्लॅन सर्व्हरबरोबरच जातो. पासवर्ड मात्र या पानांवर लिहू नका.

सिस्टिम परत येईपर्यंत काम कसं चालवायचं?

हाताने. छापील बिलबुक, ऑर्डर लिहायचे कोरे फॉर्म, महत्त्वाच्या ग्राहकांची आणि पुरवठादारांची आठवड्याला छापलेली यादी, कोणाकडून किती येणं आहे त्याचा एक कागद, एवढं फाइलमध्ये असलं की दोन दिवस निभावून नेता येतात. मग आरटीओचा ताण पण कमी होतो. हाताने लिहिलेलं नंतर सिस्टिममध्ये कोण टाकणार आणि बिलांचे नंबर कसे चालवायचे हे आधीच ठरवा, नाहीतर सिस्टिम परत आल्यावर दुसरा गोंधळ सुरू होतो.

ग्राहकांना सांगायचं की लपवायचं?

सांगायचं, लवकर आणि साध्या शब्दात. काय बंद आहे, त्यांच्या कामावर काय परिणाम होईल, पुढची माहिती कधी देणार. कारण माहीत नसेल तर अंदाज सांगू नका. हा मेसेज आधीच लिहून ठेवा, फक्त रिकाम्या जागा भरायच्या. गिटलॅबने तर दुरुस्तीचं काम लाइव्ह दाखवलं होतं, तेवढं करायची गरज नाही. पण ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेली असल्याची शंका असेल तर कायद्याने कोणाला किती वेळात कळवायचं ते वकिलाला आधीच विचारून प्लॅनमध्ये लिहून ठेवा.

विमा काढलाय, मग एवढं सगळं कशाला?

विमा पैसे देतो, डेटा देत नाही. शिवाय अनेक सायबर पॉलिसींच्या फॉर्ममध्ये बॅकअप आणि टू-फॅक्टर लॉगिनबद्दल विचारलेलं असतं, तिथे "हो" लिहिलं आणि प्रत्यक्षात नसेल तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते. पॉलिसी काढून वाचा, आणि घटना घडल्यावर आधी कोणाला फोन करायची अट आहे ते पहिल्या पानावर लिहा.

प्लॅन जुना झालाय हे कसं ओळखायचं?

तो हातात घ्या आणि त्यातला प्रत्येक फोन नंबर लावून बघा. मग ऑफिसात आज चालू असलेली सगळी सॉफ्टवेअर आणि खाती एका कागदावर लिहा आणि प्लॅनमधल्या यादीशी ताडून बघा. नवीन सुरू केलेला पेमेंटचा ॲप, कोणीतरी सोयीसाठी बनवलेली शेअर्ड शीट, ग्राहकांशी बोलणं ज्या एका फोनच्या व्हॉट्सॲपवर चालतं तो फोन, या गोष्टी प्लॅनमध्ये जवळपास कधीच नसतात आणि रोजचं अर्धं काम त्यांच्यावरच चाललेलं असतं. जे यादीत नाही त्याचा बॅकअप कुठे आहे ते शोधा, आणि पुढच्या महिन्याच्या सरावाला तेच घ्या.